जागा रिकामी, तरी फाइल जाईना: पेनड्राइव्हबद्दल वाचकांचे प्रश्न

लग्नाच्या शूटिंगची ६ जीबीची एकच व्हिडिओ फाइल आहे. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये २८ जीबी जागा रिकामी दिसते, तरी फाइल फार मोठी असल्याचं सांगून कॉम्प्युटर ती घेत नाही. दुकानदार म्हणतो, पेनड्राइव्ह खराब झाला. नवा घ्यावा का? (कराड)

घेऊ नका, आहे तो ठणठणीत आहे. तो ‘फॅट३२’ या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, एवढंच. या पद्धतीत फाइल किती मोठी आहे हे नोंदवायला ३२ बिटांचाच रकाना असतो. त्यात ४ जीबीला एक बाइट कमी, यापेक्षा मोठा आकडा मावत नाही. म्हणून १-१ जीबीच्या २० फाइली बिनतक्रार जातील, पण ६ जीबीची एक जाणार नाही.

पेनड्राइव्हमधलं सगळं आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवा, कारण फॉरमॅट केल्यावर तो कोरा होतो. मग ‘धिस पीसी’मध्ये त्याच्यावर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’, ‘फाइल सिस्टिम’मध्ये ‘एक्सफॅट’ निवडा, ‘क्विक फॉरमॅट’ची खूण राहू द्या आणि ‘स्टार्ट’ दाबा. काही सेकंदांचं काम आहे. पण दाबण्यापूर्वी ड्राइव्हचं अक्षर आणि आकार दोन्ही वाचा. शेजारी बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर ती आधी काढूनच ठेवा. घाईत भलतीच डिस्क पुसली गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

यादीत ‘एनटीएफएस’ही दिसेल. त्यातही मोठी फाइल जाते, पण मॅकवर असा पेनड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅट विंडोज ७ आणि त्यापुढे, मॅकवर, आणि अलीकडच्या लिनक्सवरही चालतो. अडचण येते ती जुन्या टीव्हीची आणि गाडीतल्या म्युझिक सिस्टिमची. त्यांतल्या बऱ्याच जणांना फॅट३२ सोडून दुसरं काही ओळखू येत नाही. पाहुण्यांच्या जुन्या टीव्हीवर लावायचं असेल, तर शूटिंगवाल्याकडूनच व्हिडिओचे ४ जीबीच्या आतले दोन भाग करून घ्या.

६४ जीबीचा घेतला, दिसतात ५८. फसवलं का? (परभणी)

नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या आसपास धरतं. त्या हिशेबाने ६४चे ५९.६ होतात. उरलेलं थोडं चिपच्या अंतर्गत कामासाठी राखलेलं असतं.

फसवणूक ओळखायची ती वेगळी. ३०० रुपयांत ‘२ टीबी’ असं छापलेला पेनड्राइव्ह. त्याच्या कंट्रोलरला, म्हणजे चिपचा कारभार बघणाऱ्या भागाला, खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं, आत चिप असते ८ किंवा १६ जीबीची. तेवढी भरली की पुढच्या फाइली आधीच्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच लिहिल्या जात नाहीत. नावं मात्र सगळी दिसतात, म्हणून कित्येक दिवस पत्ता लागत नाही. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा फुकट प्रोग्रॅम पेनड्राइव्ह ओळखीच्या माहितीने काठोकाठ भरतो आणि परत वाचून पडताळतो. नवा पेनड्राइव्ह रिकामा असतानाच ही तपासणी करा. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

मंडळाची स्मरणिका घरी टाइप केली, छान दिसते. पेनड्राइव्हवरून छापखान्यात नेली की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी दिसते. पेनड्राइव्ह बदलूनही तेच. (चिपळूण)

पेनड्राइव्हने फाइल जशीच्या तशी नेली आहे. नेला नाहीत तो फॉन्ट.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी अक्षर नसतंच. आत असतं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्या जागी ‘क’चं चित्र दाखवतो. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला, की मुखवटा गळून पडतो. छापखान्यात श्रीलिपी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आवृत्ती वेगळी असेल, तर अक्षरांच्या जागाही वेगळ्या असू शकतात. मग बहुतेक मजकूर बरोबर आणि नेमकी काही जोडाक्षरं फुटलेली, असा जास्त फसवा प्रकार होतो. प्रुफं वाचताना तो नजरेतून सुटतो.

मंगल, निर्मला, मुक्त हे युनिकोड फॉन्ट. यांत मजकूर खरोखर मराठीतच साठवलेला असतो. फॉन्ट नसला तरी कॉम्प्युटर दुसरा एखादा मराठी फॉन्ट लावून मजकूर वाचता येण्याजोगा दाखवतो. पण अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, ४८ पानांची स्मरणिका ५१ पानांची होते. म्हणजे युनिकोडने अर्धाच प्रश्न सुटतो.

पूर्ण सुटतो तो पीडीएफने. वर्डमध्ये ‘सेव्ह अॅज’मधून पीडीएफ करा. मग ती अॅडोबी रीडरमध्ये उघडा, कंट्रोल आणि ‘डी’ दाबा, ‘फॉन्ट्स’चं पान बघा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असं लिहिलेलं हवं. एखाद्या जरी नावापुढे ते नसेल, तर तोच फॉन्ट छापखान्यात दगा देणार. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी घरीच उरकून घ्यावी.

छापखान्याला दुरुस्तीसाठी मूळ फाइलही हवी असते. वर्ड असेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या वाटेने जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर खूण करा. मात्र फॉन्ट बनवणाऱ्याने परवानगी दिली नसेल, तर तो खूण करूनही आत जात नाही. इनडिझाइन आणि कोरल हे पानं मांडायचे प्रोग्रॅम. इनडिझाइनमध्ये ‘पॅकेज’ हा आदेश फाइल, जोडलेली चित्रं आणि चालतील तेवढे फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करतो. तो अख्खा फोल्डर न्या. कोरलमध्ये दोन गोष्टी: छापखान्याकडे जुनी आवृत्ती असेल, तर सेव्ह करताना आवृत्तीच्या रकान्यात तीच निवडा, नाहीतर फाइल उघडणारच नाही. आणि एक प्रत मजकूर निवडून कंट्रोल आणि ‘क्यू’ने रेषांमध्ये बदललेली न्या. तिला फॉन्ट लागत नाही, पण त्यातली चूक मग टाइप करून सुधारता येत नाही. म्हणून मूळ प्रत घरी ठेवा.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणल्यापासून पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले आहेत, प्रत्येकाचा आकार १-२ केबी. फाइली गेल्या का? (अंबाजोगाई)

बहुधा नाही. जेवढी जागा आधी भरलेली दिसत होती तेवढीच अजून भरलेली दिसते का, ते बघा. दिसत असेल, तर फाइली आतच लपवलेल्या आहेत.

पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी चालू करण्याचं काम तुमच्याच बोटाकडे दिलं. खरे फोल्डर लपवायचे, त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचे. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केलं, की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डरही उघडून दाखवतो, म्हणजे संशय येऊ नये.

तर पहिली गोष्ट, त्यातल्या कशावरही डबल क्लिक नको. घरच्या कॉम्प्युटरवर आधीच केलं असेल, तर ‘विंडोज सिक्युरिटी’मधून ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो, साधारण १५ मिनिटं जातात. कॉम्प्युटर साफ न करता पेनड्राइव्ह साफ केला, तर लावल्याक्षणी तो पुन्हा बाधित होतो, आणि लोक म्हणतात की फॉरमॅट करूनही व्हायरस जात नाही.

नंतर विंडोज ११च्या एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’ आणि तिथे ‘हिडन आयटम्स’ व ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ या दोन्हींवर खूण करा. तरी फोल्डर दिसले नाहीत, तर वरच्या तीन टिंबांतून ‘ऑप्शन्स’, ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा. धोक्याची सूचना येईल, होकार द्या. आता फिकट रंगाचे फोल्डर दिसतील. कधीकधी नाव नसलेला एकच फोल्डर दिसतो, सगळं त्याच्या पोटात असतं.

फिकट फोल्डर उचलून तसाच कॉपी केला, तर त्याचा लपलेपणाही सोबत येतो. प्रॉपर्टीजमधली ‘हिडन’ची खूण काढायला जावं, तर ती करडी पडलेली असते, कारण त्यावर ‘सिस्टिम’चाही शिक्का मारलेला असतो. सोपा उपाय म्हणजे कॉम्प्युटरवर नवा फोल्डर करा, फिकट फोल्डरच्या आत शिरा आणि आतल्या फक्त कागदपत्रांच्या, फोटोंच्या फाइली नव्यात टाका. शॉर्टकट, ‘ईएक्सई’, ‘व्हीबीएस’, ‘जेएस’ शेपटीचं काहीही घेऊ नका. मोजून खात्री झाली, की पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि ‘प्रोटेक्टेड’ची खूण परत लावा.

दुकानात न्यायला ४-८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह वेगळा ठेवा. त्यात तेवढीच पीडीएफ, घरी आल्यावर सरळ फॉरमॅट. आधार-पॅनची प्रत असेल, तर ‘पेनड्राइव्हवरूनच उघडा’ असं सांगा. दुकानदार सवयीने ती डेस्कटॉपवर ओढतो आणि ती महिनोन्महिने तिथेच पडून राहते.

कार्यालयातलं १५ वर्षांचं दप्तर न्यायचं आहे, २२,००० बारीक फाइली. एकूण २ जीबीसुद्धा नाही, पण कॉपी व्हायला तास लागतो आणि पेनड्राइव्हमध्ये जागा दुपटीने खाल्ली जाते. (नागपूर)

वेळ फाइलीच्या आकारापेक्षा संख्येला लागतो. प्रत्येक फाइलसाठी नाव, तारीख, जागेचा हिशेब वेगळा लिहावा लागतो, आणि स्वस्त पेनड्राइव्हला असं तुटक लिहिणं जमत नाही. ज्याला ६ जीबीचा सलग व्हिडिओ सेकंदाला ८ एमबीच्या वेगाने १३ मिनिटांत लिहिता येतो, तोच बारीक फाइलींवर रखडतो.

जागेचं कारण निराळं. ३२ जीबीहून मोठा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, की विंडोज त्याचे १२८ केबीचे खण पाडतं. ५ केबीची फाइलही अख्खा खण अडवते. २२,००० खणांचे पावणेतीन जीबीच्या आसपास तर नुसतेच झाले, एकाहून जास्त खण लागणाऱ्या फाइली वेगळ्या.

कॉम्प्युटरवरच सगळ्याची एक झिप फाइल करा, मग ती एकच पेनड्राइव्हवर टाका आणि पलीकडे हार्ड डिस्कवर उतरवून तिथे उघडा. पेनड्राइव्हच्या आतच झिप उघडली, तर पुन्हा तोच तास.

‘कट’ वापरू नका, ‘कॉपी’च करा. कट केलेलं मधेच अडकलं, तर काही इकडे, काही तिकडे. पलीकडे उतरवल्यावर दोन्ही फोल्डरांच्या प्रॉपर्टीज शेजारी उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ कंसातल्या बाइटपर्यंत जुळवा. त्याखालचा ‘साइझ ऑन डिस्क’ खणांमुळे वेगळा येतो, तो सोडून द्या. जुळलं, की मग इकडचं काढा.

पेनड्राइव्ह लावला की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं येतं. आत मुलीच्या प्रबंधाची एकमेव प्रत आहे. (कोल्हापूर)

‘कॅन्सल’ दाबा. आधी दुसरं पोर्ट, शक्यतो डेस्कटॉपच्या मागचं, मग दुसरा कॉम्प्युटर. कधी एवढ्यावरही भागतं.

नाही भागलं, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे आकार पूर्ण आणि पुढे ‘रॉ’ दिसत असेल, तर आशा आहे: फाइलींची अनुक्रमणिका बिघडली आहे, मजकूर बहुधा जागेवर आहे. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह उपटला, की हेच होतं. ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ हे फुकट प्रोग्रॅम यासाठीच आहेत. फोटोरेक नाव फोटोंचं लावत असला तरी वर्डच्या फाइलीही शोधतो, फक्त मूळ नावं सहसा मिळत नाहीत. सापडलेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका, उरलेल्यांवर लिहिलं जाईल. विंडोजचं डिस्क तपासायचं ‘चेकडिस्क’ही आता नको, ते दुरुस्तीच्या नावाखाली आतली रचना बदलतं. ‘नो मीडिया’ दिसत असेल, तर कंट्रोलर किंवा चिप गेली आहे. तिथे प्रोग्रॅम काही करू शकत नाहीत, डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळाच गाठावी लागेल.

आणि दरम्यान मुलीच्या ईमेलची ‘सेंट’ पेटी बघा. मार्गदर्शकांना पाठवलेली जुनी प्रकरणं तिथे सापडण्याची बरीच शक्यता आहे.