पी.टी.च्या तासाने दमसास वाढतो का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत आठवड्याला शारीरिक शिक्षणाच्या पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका असतात आणि परीक्षा जवळ आली की त्यांतली एक गणिताला दिली जाते. सहाशे मीटर धावण्याच्या चाचणीत वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची तिची वेळ जवळजवळ सारखीच आली. या तासांमुळे मुलांच्या हृदयाची आणि फुप्फुसांची क्षमता खरोखर वाढते का?
– एक पालक, सांगली

उत्तर : वाढते, मात्र ती वाढ तासिका वेळापत्रकात आहे की नाही यापेक्षा त्या तासिकेत मूल किती मिनिटे धापा टाकत होते यावर अवलंबून असते. हृदय-श्वसन क्षमता म्हणजे कमाल श्रम करताना शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते याचे माप. नियमित श्रमाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर टाकू लागते आणि ही क्षमता वाढते. शाळकरी मुलांच्या नाडीची कमाल गती मिनिटाला साधारण २०० असते. ती १६०च्या वर जाईल इतका व्यायाम आठवड्यातून तीन-चार वेळा काही आठवडे झाला, तर क्षमतेत सरासरी पाच-सहा टक्क्यांची वाढ दिसते.

आता पस्तीस मिनिटांचा हिशेब पाहा. मैदानावर पोहोचणे, हजेरी, रांगा, सावधान-विश्राम, सूचना यांत बराच वेळ जातो. त्यानंतर खो-खो सुरू झाला, तर आठ खेळाडू बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे, म्हणजे एका वेळी धावणारी मुले चारच. उरलेला वर्ग कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो. खेळ उत्तम आहे, पण साठ मुलांच्या वर्गाचा दमसास वाढवायला ही मांडणी कामाची नाही. तासिकेचा निम्मा वेळ मुले जोमाने हालचाल करत असावीत, अशी अपेक्षा अनेक देशांत धरली जाते. ती पूर्ण झाली, तरी तुमच्या मुलीच्या वाट्याला आठवड्याला पस्तीस मिनिटे येतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांची आहे.

स्वित्झर्लंडमध्ये २००५-०६ या शालेय वर्षात प्राथमिक शाळांत एक नियंत्रित प्रयोग झाला. तेथे आठवड्याला शारीरिक शिक्षणाच्या तीन तासिका आधीपासूनच होत्या. निवडलेल्या वर्गांत त्यांची आखणी नव्याने केली, आणखी दोन तासिका वाढवल्या आणि वर्गातच हालचालीच्या छोट्या सुट्ट्या व घरी करायचा व्यायाम यांची जोड दिली. वर्षअखेरीस वीस मीटरच्या येरझाऱ्यांच्या चाचणीत ही मुले इतर वर्गांच्या पुढे होती आणि त्यांच्या अंगावरची चरबीही तुलनेने कमी होती. गणिताच्या काळजीला कॅनडातील क्यूबेक प्रांतातल्या त्र्वा-रिव्हिएर येथील सत्तरच्या दशकातला प्रयोग उत्तर देतो : इतर विषयांचा वेळ कमी करून रोज एक तास व्यायामाला देऊनही मुले अभ्यासात मागे पडली नाहीत. त्यामुळे पी.टी.चा तास काढून घेणे हा काटकसरीचा मार्ग आहे, असे मला वाटत नाही.

मुलीच्या वेळेवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. या वयात मुलींच्या शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, त्यामुळे एकूण क्षमता वाढली तरी वजनाच्या प्रमाणात ती किंचित घटू शकते. उलट मुलगे केवळ वाढीमुळेही वेगवान होतात. म्हणून तिची वेळ न सुधारणे हे तासिकेचे अपयश ठरत नाही, तसेच एखाद्या मुलाची वेळ सुधारली तर ते तासिकेचे यशही ठरत नाही. शिवाय ऊन, त्या दिवसाचा उत्साह आणि सुरुवातीलाच जोरात पळण्याची सवय यांनीही सहाशे मीटरची वेळ बदलते.

प्रश्न : एक मैदान, साठ मुले आणि मी एकटा. काय करता येईल?
– एक क्रीडाशिक्षक

उत्तर : मैदानाचे चार भाग करून लंगडी, साखळी किंवा छोटा खो-खो एकाच वेळी चालवा. बाद झालेल्याला बाहेर बसवू नका. सहसा लवकर बाद होणाऱ्यालाच धावण्याची गरज सर्वांत जास्त असते. एक मिनिट जोरात धावणे आणि एक मिनिट चालणे, असे आठ-दहा फेरे कोणत्याही साहित्याविना होतात. मुलाला सलग वाक्य बोलता येत नसेल आणि दोन-चार शब्दच निघत असतील, तर श्रम पुरेसे जोमदार आहेत. कमावलेली क्षमता उन्हाळ्याच्या सुट्टीत बरीचशी ओसरते, तेव्हा जूनमध्ये हळूहळू सुरुवात करा. दमा असलेल्या मुलाला वगळण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पंप त्याच्याजवळ असावा. मात्र धावताना कोणाच्या छातीत दुखले किंवा कोणाला भोवळ आली, तर वैद्यकीय तपासणी होईपर्यंत त्याला पुन्हा धावू देऊ नका.