निरीक्षणगृहात ठेवलेल्या मुलाच्या तब्येतीकडे कोण बघतं?

भाऊ, तुमचा भाचा १६ वर्षांचा. तीन आठवड्यांपासून निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात तिथे, आहे. भेटीत तो सारखा अंग खाजवत होता, बारीकही दिसला, म्हणून तुम्ही विचारलंय की तिथे कोणी बघतं का आणि घरच्यांनी काय करायचं.

मी नागपूरची, परिचारिका. चार वर्षं दर आठवड्याला डॉक्टरांसोबत अशा मुलांच्या तपासणीला जात होते. संस्थेचं नाव लिहीत नाही.

नियम आहेत. २०१५चा बाल न्याय कायदा आणि २०१६चे नमुना नियम यांनुसार दर महिन्याला वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. प्रत्येक मुलाची वैद्यकीय नोंद ठेवायची असते, त्यात वजन, उंची, आजार, उपचार सगळं लिहायचं. तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची आणि तिच्यात एक वैद्यकीय अधिकारी असायलाच हवा. पण नोंद कोरी असेल तर कोणी विचारल्याशिवाय ती भरली जात नाही, हे मी पाहिलंय.

खाजवतो म्हणालात, ती बहुधा खरूज असेल. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ आहे का आणि रात्री खाज वाढते का, एवढं त्याला विचारा. एकाला लागली की चादरी-टॉवेलांतून, शेजारी झोपण्यातून सगळ्यांना लागते. आमच्याकडे आधी ज्याला खाज त्यालाच मलम देत. पंधरा दिवसांत तो पुन्हा खाजवत यायचा. मग एका रात्री सगळ्या मुलांना आणि रात्रपाळीच्या काळजीवाहकांनाही मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा, ५ टक्के पर्मेथ्रीन हे खरजेचं मलम लावायला लावलं. सकाळी आंघोळ, चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, आठवड्याने पुन्हा तेच. तेव्हा कुठे थांबली. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, त्याला घाबरू नका.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुमच्या घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, आहे का? विदर्भात हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

डिसेंबर होता. पहाटे गार पाण्याची आंघोळ. एक मुलगा दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसलेला. काळजीवाहक म्हणाले, "मॅडम, काही नाही, झाडू मारायच्या वेळीच याचं दुखते." नडगीला हात लावला तर कळवळला. डोळे पिवळसर.

"घरी होतं का रे असं?"

"होते ना. आई कपडा गरम करून शेकते, पाणी पाजते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

रात्री संडासाला जायला दार उघडून मागावं लागतं म्हणून संध्याकाळपासून तो पाणीच पीत नव्हता. सिकलसेलमध्ये थंडी आणि कमी पाणी, दोन्हींनी दुखणं उसळतं. त्याला लगेच भरती केलं, सलाईन, वेदनाशामक. रिपोर्ट आला एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजारच. चार महिने तो पोर 'नाटकी' म्हणून बोलणी खात होता. अजून आठवलं की जीव तुटतो.

म्हणून भाऊ, आज एक अर्ज लिहा. त्याचे जुने आजार, चालू औषधं, फिट येते का, दमा, कशाची अ‍ॅलर्जी, सिकलसेलचा रिपोर्ट असेल तर त्याची झेरॉक्स. अधीक्षकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आठवडाभरात काही झालं नाही तर तोच अर्ज त्याची केस चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे वकिलांमार्फत ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. ताप, छातीत दुखणं किंवा दम लागत असेल तर अर्जाची वाट बघायची नाही, तिथेच थांबून दवाखान्यात न्यायला सांगायचं.

आणि पुढच्या भेटीत तो काय खातो हे विचारताना रात्री पाणी पितो का, हेही विचारा. घरी त्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट पडलं असेल तर फेकू नका, अर्जाला जोडा.