भात सोडू की स्कूटर?

प्रश्न: मी मालवणचा, वय 46. शुगर बॉर्डरवर आलीय, डॉक्टर म्हणतात खाणं सांभाळा आणि चाला. पण मासे-भात सोडून ओट्स खायचे म्हणजे जिवावर येतं हो. काय करू?

उत्तर: अहो, ओट्स कोणी सांगितले तुम्हाला! भात बंद नको, फक्त ताटातला डोंगर कमी करा, आधी भाजी, उसळ, मासा वाढून घ्या आणि उरलेल्या जागेत भात, जमलं तर उकड्या तांदळाचा. बांगडा उत्तमच, ओमेगा-3 भरपूर, पण रोज रव्यात तळण्यापेक्षा तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, करा ना. रात्री कधीतरी नाचणीची भाकरी नि कुळथाची पिठी. खाऱ्या सुक्या मासळीवर मात्र हात आखडता हवा, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि आपला खारा बांगडा, तुम्हीच बघा.

चालायचं तर आठवड्याला निदान 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, स्पीड एवढा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मासळी बाजारात जायला स्कूटर कशाला लागते? पावसात पडवीत फेऱ्या मारा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची टेस्ट करून घ्या, आणि गोळ्या चालू असतील तर मनानेच बंद करू नका.