आधी वजन, मग औषध?

"वजन उतरेपर्यंत औषध घेऊन उपयोग नाही, असंच ना?" रुमेटॉइड आर्थ्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) असलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एका बाईंनी मला हे विचारलं. जाड माणसांना या आजाराची औषधं लागू पडत नाहीत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तेवढ्यावर त्यांनी मेथोट्रेक्सेट या आजार आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाची आठवड्याची गोळी बंद केली आणि जेवण एका वेळेवर आणलं. वजन थोडं उतरलं, पण बोटांची सूज वाढली आणि साधं बाटलीचं झाकण उघडणं अवघड झालं. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हीच शंका मला वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकू येते, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यांनी ऐकलं होतं ते निम्मं खरं आहे. शरीरातली चरबी नुसती साठून पडलेली नसते. इंटरल्युकिन-6, टीएनएफ, लेप्टिन असे रासायनिक निरोप ती सोडत असते आणि सांध्यांच्या अस्तरात दाह पेटता ठेवणारे निरोपही यांतलेच असतात. त्यामुळे वजन जास्त असेल तर आजार पूर्ण आटोक्यात येण्याचं प्रमाण कमी दिसतं. इन्फ्लिक्झिमॅबसारखं इंजेक्शन तर किलोच्या हिशेबाने देऊनही लठ्ठ रुग्णांत कमी गुण देतं. पण गुण कमी येतो म्हणून औषध सोडायचं, हा निष्कर्ष यातून निघत नाही. औषध थांबलं की दाहाला मोकळं रान मिळतं, आणि सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते पूर्ववत होत नाही.

बाईंसोबत आलेल्या यजमानांच्या हातात रिपोर्ट होता. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला घटक, वाढलेलं होतं. त्यांच्या लेखी ते आजार बळावल्याचं लक्षण, तर बाईंच्या लेखी वजनाची शिक्षा. खरं म्हणजे सीआरपी केवळ चरबीमुळेही वाढू शकतं, स्त्रियांमध्ये विशेष. शिवाय डॉक्टर आजाराची तीव्रता ठरवताना ज्या 28 सांध्यांची मोजणी करतात, त्यात गुडघेही येतात आणि गुडघा वजनाने, झिजेनेही दुखतो. म्हणजे आकडा फुगून औषध विनाकारण वाढण्याचा धोका आहे. दुसरा धोका मला जास्त गंभीर वाटतो: चरबीखाली सूज बोटांना नीट लागत नाही आणि "वजनामुळे दुखतंय" म्हणून खरा दाह दुर्लक्षिला जातो. अशा वेळी सांध्यांची सोनोग्राफी करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं, असं मी दोघांना सांगितलं.

मग त्यांच्या मनातलं बाहेर आलं. "माझ्या खाण्यानेच झालं ना हे सगळं?" जास्त वजनाने या आजाराची शक्यता काहीशी वाढते, हे खरं आहे. पण त्यात आनुवंशिकता असते, धूम्रपान असतं, आणि सडपातळ माणसांनाही हा आजार होतोच. त्यात बाईंचं बरंचसं वजन आजारानंतरच चढलं होतं. दुखण्यामुळे हालचाल थांबली होती आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने भूक वाढवली होती. (स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही, ते धोक्याचं आहे. दाह आटोक्यात आला की डॉक्टरच मात्रा उतरवतात.) घरी ताटावर बसलं की "कमी खा" ऐकावं लागतं, हे सांगताना त्या रडल्या. ते वाक्य घरात पुन्हा बोलायचं नाही, एवढी एकच विनंती मी यजमानांना केली.

उपासाबद्दल मात्र मी बाईंशी कडक बोलले. हा आजार स्नायू खातो. काट्यावर वजन तेवढंच दिसतं, पण आत स्नायू घटून चरबी वाढलेली असू शकते. त्यात उपाशी राहिलं की उरलेले स्नायूही जातात, पकड ढिली होते, जिना चढवत नाही. वजन उतरवायचं तर पुरेशी प्रथिनं आणि ताकदीचे व्यायाम हवेतच: खुर्चीतून उठणं-बसणं, रबरी पट्ट्याचे व्यायाम, पाण्यात चालणं. जो सांधा गरम आणि सुजलेला आहे त्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची, बाकीच्यांना नाही.

डॉक्टरांनी यकृताची तपासणी करून मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू केलं, सोबत फॉलिक ॲसिड. यकृतात चरबी असेल तर हे औषध यकृताला जास्त जड जाऊ शकतं, म्हणून ती तपासणी टाळायची नसते. सूज ओसरू लागल्यावर बाई चालायला लागल्या आणि वजन उतरायला सुरुवात झाली ती त्यानंतर. उद्दिष्ट ठेवलं वजनाच्या 5 ते 10 टक्क्यांचं. 80 किलोच्या माणसाला 4 ते 8 किलो. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवरील अभ्यासात 1 किलो वजन घटलं की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो, असं दिसलं आहे. हा हिशेब ऐकून त्यांना पहिल्यांदा ते उद्दिष्ट आवाक्यातलं वाटलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचा प्रश्न त्यांनी स्वतःच लिहून आणला होता: "गोळ्या पुरल्या नाहीत, तर वजनाचा परिणाम कमी होणारं इंजेक्शन कोणतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. ॲबॅटासेप्ट किंवा रिटुक्सिमॅबच्या बाबतीत वजनाचा अडथळा तितका जाणवत नाही, आणि निवड करताना डॉक्टर ते लक्षात घेऊ शकतात.