जुनी व्होल्वो घेऊन मोटरहोम बनवावी का? (राहायला ठाणे)

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घोडबंदर रोडला राहता, बजेट दीड कोटीपर्यंत आहे, अमेरिकेत फिरणाऱ्या प्रीव्होस्ट कंपनीच्या बस-मोटरहोमचे व्हिडिओ बघून ठरवलंय की एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून जुनी 12 मीटरची व्होल्वो उचलायची आणि आतून घर करून घ्यायचं, तर करू का आणि करताना काय बघू.

जुनी व्होल्वो नका घेऊ. मोटरहोम घ्या, पण ती नको. माझा बसबॉडीच्या धंद्याशी कळंबोलीत बरीच वर्षं संबंध आहे आणि घरची एक गाडी आहे मिडी (मध्यम आकाराच्या) बसच्या चासीवरची, म्हणजे खालच्या सांगाड्यावरची, म्हणून एवढं ठामपणे बोलतोय.

आधी त्या प्रीव्होस्टचं. ती कॅनडातल्या क्युबेकमधली कंपनी, व्होल्वोच्याच घराण्यातली. ते लोक मोटरहोमसाठी वेगळा रिकामा सांगाडा बनवून देतात आणि मग ओरेगॉनची मॅरेथॉन कोच किंवा लिबर्टी कोच असल्या कंपन्या आतलं काम करतात, तयार गाडी 20 लाख डॉलरच्या पुढे जाते. म्हणजे तुम्ही व्हिडिओत बघता ती काही दहा वर्षं पुणे-बेंगळुरू मारलेली सीटर बस नाहीये. आणि दुसरं, तिकडे कॅम्पग्राउंडला 50 अँपिअरचं कनेक्शन मिळतं, टाकी रिकामी करायची सोय असते, त्या जिवावर त्या गाडीत तीन तीन एसी चालतात. आपल्याकडे हॉटेलवाल्याने 16 अँपिअरचा प्लग दिला तरी उपकार, त्यात अर्थिंग असेल याची खात्री नाही (टेस्टर जवळ ठेवाच). इम्पोर्टचा विचार असेल तर तोही सोडा, वापरलेली गाडी 3 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं.

आता कागद. आपल्याकडे मोटर कॅरॅव्हॅनसाठी (कागदावर मोटरहोमचं नाव हेच) एआयएस-124 म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात बसायची सीट आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा एवढं तरी पक्कं बसवलेलं पाहिजे. ज्या बिल्डरकडे (म्हणजे गाडीची बॉडी बनवणाऱ्याकडे) या स्टँडर्डचं एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं अप्रूव्हल आहे त्याच्याकडून नव्या चासीवर गाडी घेतली तर आरटीओत फार डोकेदुखी नाही, आणि स्वतःच्या वापरासाठीची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येते. जुन्या ट्रॅव्हल्सचं मात्र परमिट सरेंडर, थकलेला टॅक्स, फायनान्सवाल्याची एनओसी, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बदलाची आधी परवानगी, मग पिवळ्या पाटीची पांढरी पाटी, आणि सुप्रीम कोर्टाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात गाडीत बदल करता येणार नाही. एजंट म्हणेल होऊन जाईल साहेब. होईलही कदाचित. पण उद्या काही झालं आणि इन्शुरन्सवाल्याने आरसीवर 45 सीटर आणि आत डबलबेड बघितला की क्लेम गेला, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

लायसन्सचं पण बघा. 7500 किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स पुरतं, तुम्ही स्वतः चालवाल, मुलगा चालवेल. त्याच्या वर गेलात की हेवी लायसन्स, म्हणजे बहुतेक ड्रायव्हर ठेवणं आलं, आणि मग तो रात्री झोपणार कुठे हा प्रश्न मी कितीतरी लोकांना विचारलाय, कोणीच आधी विचार केलेला नसतो. घरातल्या बायकांनी लगेच केलेला असतो.

वजनाचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळं तिथेच बिघडतं. लोक गाडी ज्या सुताराने फ्लॅटचं इंटिरिअर केलं त्यालाच देतात. तो बिचारा त्याच्या सवयीने 18 एमएमचा प्लाय घेतो, आठ बाय चारची एक शीट साधारण 35 किलो, त्यावर सनमायका, सॉफ्ट क्लोज चॅनेल, किचनला ग्रॅनाइट. बघता बघता टनभर लाकूड आत जातं. मग 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो, वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी, वर माणसं, डिझेल, गाद्या. हे सगळं मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे गेलं तर पुढचं स्टिअरिंग हलकं होतं, खंबाटकीच्या उतारावर ते कळतं आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. फर्निचर अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आणि हलक्या पॅनेलचं करून घ्या, प्लाय लागलाच तर पातळ आणि मरीन. काम अर्ध्यावर असताना एकदा आणि पूर्ण झाल्यावर टाक्या भरून एकदा गाडी वजनकाट्यावर घ्या, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. कळंबोलीत काटे पावलोपावली आहेत, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि करत कोणी नाही. टाकी, फ्रिज, किचन सगळं एकाच बाजूला नको हेही सांगावं लागतं!!

वीज. ठाण्याच्या मे महिन्यात एसीशिवाय मोटरहोम म्हणजे शिक्षा, त्यामुळे हिशोब एसीपासूनच. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालवायला 6-7 युनिट धरा, फ्रिज, पंखे, इंडक्शन मिळून 10 युनिटची बँक लागते. लिथियममध्ये (त्यातला एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार घ्या) ती शंभर किलोच्या आसपास बसते. तेवढंच घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांवर करायला गेलात तर त्या अर्ध्याच वापरता येतात म्हणून दुप्पट लागतात आणि वजन 600 किलोवर जातं, म्हणजे स्वस्तातलं महाग. टपावर 550 वॉटची चार सोलर पॅनेल मावतात, कडक उन्हात दिवसाला 8 युनिट देतात आणि जुलैमध्ये कोकणात जवळपास काहीच नाही, त्यामुळे चालत्या इंजिनवर चार्जिंगची सोय हवीच. जनरेटर ठेवायचा तर सायलेंट ठेवा, तरी शेजारच्या रिसॉर्टवाला येऊन भांडणार. शूटिंगच्या व्हॅनिटी व्हॅन बनवणारा कोणी म्हणेल की मी शेकडो बनवल्या, तर त्याला नमस्कार करा आणि पुढे व्हा: व्हॅनिटी सेटवर उभी राहून जनरेटरवर चालते, तिला रोज 300 किलोमीटर खड्ड्यातून जायचं नसतं. घरचा स्प्लिट एसी तसाच बसवला तर दोन-तीन महिन्यांत तांब्याच्या पाइपचा जॉइंट हलून गॅस जातो, आउटडोअरखाली रबर माउंटिंग आणि पाइपला लवचिक तुकडा टाकायला लावा.

संडासाचा विषय कोणी विचारत नाही पण तोच रोजचा आहे. मोठी काळी टाकी (संडासाचा मैला साठवायची) इथे निरुपयोगी, रिकामी करणार कुठे? कॅसेट टॉयलेट घ्या, डबा काढून कुठल्याही संडासात ओतता येतो. आमच्याकडे नियम आहे की जो गाडी चालवत नाही तो डबा नेणार, यावरून आमची ही ड्रायव्हिंग शिकली.

गॅस सिलिंडर नको, इंडक्शन पुरतं. वायरिंग फायर रिटार्डंट केबलचं, प्रत्येक लाइनला फ्यूज, बेडच्या जागेतून बाहेर पडायला दुसरी वाट. 2023 च्या जुलैत समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटलेली बस आठवा आणि बिल्डरने इमर्जन्सी खिडकीवर वॉर्डरोब काढला तर ड्रॉइंगवरच फुली मारा.

आणि जागा. हा खरं तर पहिला प्रश्न. तुमच्या टॉवरच्या पोडियममध्ये बसची उंचीच जाणार नाही, बाहेर सर्व्हिस रोडला लावली तर आज ना उद्या टोइंग, आणि पावसाळ्यात उंदीर. वायरी कुरतडतात, बीएस-6 गाडीत वायरी सगळीकडे, एक हार्नेस (वायरींचा जुडगा) गेला की बिल बघून चक्कर येते. पनवेल, शिळफाटा किंवा भिवंडीकडे पत्र्याची शेड असलेली जागा महिन्याच्या भाड्याने बघा, आठवड्यातून एकदा तुम्ही जाऊ शकाल एवढ्या अंतरावर. पंधरा दिवसांतून एकदा गाडी फिरवून आणायची, नुसती जागेवर चालू ठेवायची नाही, त्याने डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो. टायर झिजत नाहीत म्हणून खूश होऊ नका, उभ्या गाडीचे टायर वयाने मरतात, साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, सहा-सात वर्षं झाली की नक्षी कितीही दिसू दे, बदला.

फिरायला कुठे जाणार ते पण लांबीवरच ठरतं. कोकणात जिथे एसटी जाते तिथे आपण जाऊ हा हिशोब बऱ्यापैकी खरा, पण एसटीच्या टपावर एसी नसतो आणि गावातल्या लोंबत्या वायरी आणि फणसाच्या फांद्या नेमक्या तिथेच लागतात. मुंबईच्या पाच एंट्री नाक्यांचा टोल ऑक्टोबर 2024 पासून हलक्या गाड्यांना माफ झाला, बस आकाराच्या गाडीला फास्टॅगमधून जातोच. आणि 12 मीटरची व्होल्वो लिटरला तीन-चार किलोमीटर देते, गोवा जाऊन या आणि डिझेलची पावती बघा.

तर तुमच्या बजेटमध्ये मी फोर्सची अर्बानिया व्हॅन किंवा मोठी ट्रॅव्हलर घेईन, किंवा चार जणांहून जास्त झोपणार असतील तर 7500 किलोच्या आतली मिडी बस, नवी चासी, अप्रूव्हल असलेला बिल्डर. निम्मे पैसे पण लागणार नाहीत. त्याने पूर्वी दिलेल्या गाडीचा मालक शोधा, दोन पावसाळे झालेला, आणि टपाच्या जॉइंटमधून पाणी येतं का एवढंच विचारा. बिल्डरने त्या मालकाचा नंबर द्यायला टाळाटाळ केली तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका. माणसं किती झोपणार आणि शेड कुठे मिळतेय ते खाली लिहा, मग लेआउटचं सांगतो.