मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि मुलींमध्येच रमतो. कबड्डीला घातलं तर फरक पडेल का?

पडेल. दम वाढेल, गुडघे सोलवटतील, भूक लागेल. तुम्हाला जो फरक हवाय, तो पडणार नाही.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा आठवीत, आवाज पातळ, मित्र एकही नाही, मैत्रिणी चार. धाकट्या बहिणीबरोबर बसून नेलपॉलिश लावतो. पाहुणे आले की तुम्हाला कसंतरी होतं. हे वयाबरोबर जाईल का, असंही तुम्ही विचारलंय. मी सहसा इथे उत्तरं लिहीत नाही, पण १९९० साली मी तेरा वर्षांचा होतो आणि मला तालमीत घातलं होतं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आम्ही पेठेत वाड्यात राहायचो. नऊ बिऱ्हाडं, एक चौक, एक नळ. दिवाळीत चौकाच्या कोपऱ्यात मुलांनी किल्ला करायचा आणि दारात मुलींनी रांगोळी काढायची, ही वाटणी कुणी लिहून ठेवली नव्हती, पण मोडली की अख्ख्या वाड्याला कळायचं. मी मोडायचो. किल्ल्यावर अळीव पेरून झाले की मी रांगोळीकडे पळायचो. ठिपक्यांच्या रांगोळीत माझी रेघ कधी वाकडी गेली नाही. भोंडल्याचं तर विचारूच नका. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायला सात-आठ वर्षांचा मुलगा चालतो, उलट कौतुकच होतं. मी बाराव्या वर्षीही जायचो. खिरापत ओळखण्यात माझा हात कुणी धरत नसे. डबा नुसता हलवला तरी आत वाटली डाळ आहे की साटोऱ्या, हे मी सांगायचो. पलीकडच्या वाड्यातली पोरं ओरडायची, 'मुलींत मुलगा लांबोडा, भाजून खातो कोंबडा'. मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटायचं.

त्यात तेराव्या वर्षी छातीत सुपारीएवढ्या गाठी झाल्या. शर्ट घासला तरी दुखायच्या. मी आईला सांगितलं, आईने अण्णांना, आणि घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. वयात येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांना हे कमीअधिक होतं. शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बसेपर्यंत राहतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. एवढी दोन वाक्यं त्या वेळी कुणी बोललं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. (घडलंही असतं. अण्णांना निमित्त हवं होतं.)

त्यांनी मला एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. अण्णांना म्हणाले, 'पोरगं बायकांत वाढतंय, बाहेर काढा, नाहीतर तसलं होईल.' आणि दर आठवड्याला एक ताकदीचं इंजेक्शन. त्यात काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही. लघवी पिवळीजर्द व्हायची, त्यावरून बी कॉम्प्लेक्स असावं. 'तसलं' म्हणजे कसलं, हे मी घरी येताना विचारलं. अण्णांनी सायकल थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पायडल मारायला लागले.

त्याच वर्षी, १७ मे १९९० ला, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली होती. आमच्या पेठेपर्यंत ती बातमी पोचायला अठ्ठावीस वर्षं लागली. २०१८ मध्ये भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हा आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की 'बदलून देतो' म्हणून उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन समजावं. तेव्हा तुम्हाला असा कुणी भेटलाच, तर फी देऊ नका, तक्रार करा.

तर तालीम. अण्णांचा हिशेब असा की लाल माती अंगाला लागली की बायकीपणा झडेल. पहाटे पाचला उठायचं, जोर मारायचे, बैठका मारायच्या. मला दहाव्या जोरालाच रडू यायचं. पोरं बायल्या म्हणायची ते वेगळंच. पण वस्ताद भला माणूस होता. दोन आठवडे त्यांनी मला पाहिलं आणि एक दिवस दगडी कुंडी पुढे सरकवली. म्हणाले, 'बदाम घोट.' त्यानंतर मी रोज थंडाई करायचो. रविवारी पैलवान स्वतः रांधायचे, मटणाचा रस्सा, भाकरी. कांदा किती भाजायचा, वाटण किती बारीक, हे मी शंभर किलोच्या मिशाळ माणसांकडून शिकलो. आईच्या स्वयंपाकघरातून मला ओढून काढलं होतं, ते नेऊन दुसऱ्या स्वयंपाकघरात टाकलं! अण्णांना हे मी अजून सांगितलेलं नाही. आता इथे लिहिलं की माझी बहीण त्यांना वाचून दाखवेलच.

एक गोष्ट मात्र मी तालमीत शिकलो आणि तिची मला आजही लाज वाटते. आमच्यात एक नवा मुलगा आला, गोरा, हळू बोलणारा. पोरांची नजर माझ्यावरून त्याच्यावर गेली आणि मला मोकळा श्वास मिळाला. तो मिळालेला श्वास टिकावा म्हणून मी सगळ्यांसमोर त्याला 'छक्का' म्हणालो. हशा पिकला. तो मुलगा आठवड्याभरात यायचा बंद झाला. माझा आतेभाऊ तेव्हा शेजारीच उभा होता. तो हसला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं होतं, अर्थ कळला नव्हता.

हा आतेभाऊ माझ्याहून वर्षाने मोठा. वाड्यातल्या किल्ल्याचा सेनापती तो. गणपतीत सगळ्यात मोठा ढोल त्याच्या कमरेला. पुढे बुलेट घेतली. अण्णा मला उठता-बसता सांगायचे, 'त्याच्याकडे बघ जरा.' २००६ साली त्याचं थाटात लग्न झालं आणि २०११ मध्ये मोडलं. सगळ्यांनी त्या मुलीला नावं ठेवली, आमच्या घरानेही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, न्यायालयाचा निकाल लागला त्या आठवड्यात, तो मला वेताळ टेकडीवर घेऊन गेला. तिथे बसल्यावर त्याने सांगितलं की त्याला पुरुष आवडतात आणि हे त्याला आठवी-नववीतच कळलं होतं. मी विचारलं, 'अरे, मग कुणालाच कसा संशय आला नाही?' तो म्हणाला, 'तू होतास ना. सगळे तुझ्यावरच लक्ष ठेवून होते.'

मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. पहारा माझ्यावर, इंजेक्शनं मला, तालीम मला. आणि ज्याला खरंच कुणीतरी 'काही बोलायचंय का रे?' असं विचारायला हवं होतं, तो ढोल वाजवत होता. त्याच्या बायकोची पाच वर्षं गेली ती वेगळीच. त्या मुलीची मी नंतर माफी मागितली. तिने चहा दिला, माफी दिली नाही, आणि तिचं बरोबर आहे.

याची गंमत, गंमत म्हणायची तर, पुढे आहे. माझं लग्न झालंय, मुलगी कॉलेजात आहे. अण्णा आता ऐंशीचे झाले. आलेल्या-गेलेल्याला अभिमानाने सांगतात, 'याला वेळीच तालमीत घातला म्हणून सुधारला.' आणि आतेभाऊ? 'तो आयटीत गेला, हिंजवडीची हवा लागली.' तालमीत तो माझ्याआधी दोन वर्षं जात होता, हे मी त्यांना किमान वीस वेळा सांगितलंय. तालमीने माणूस 'सुधारत' असता तर पहिला तो सुधारायला हवा होता, कारण तो शंभर जोर मारायचा आणि मी थंडाई घोटायचो. यावर ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

शिवाय हेच अण्णा नाट्यसंगीताचे भक्त. आमच्या आजोबांनी बालगंधर्वांची स्त्री-भूमिका पाहिलेली, आणि त्यांच्यासारखं लुगडं नेसायला घरंदाज बायका कशा शिकायच्या, याच्या गोष्टी घरात पारायणासारख्या व्हायच्या. पुण्याने त्या माणसाच्या नावाने १९६८ साली रंगमंदिर उभं केलं. तिथे त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. अण्णा दोन्हींपुढे हात जोडतात आणि घरी येऊन मला ओढणीवर इस्त्री करताना पाहिलं की तोंड फिरवतात. (ओढणी मुलीची. कॉलेजला उशीर होत होता.)

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण आमच्या घरी तीन वेगळ्या गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या होत्या, आणि तुमच्या प्रश्नातही तेच दिसतंय. मुलगा काय करतो, कसा बसतो-बोलतो, ही एक गोष्ट. मनात स्वतःला मुलगा समजतो की मुलगी, ही दुसरी. ते बहुतेकांना शाळेत जायच्या आधीच माहीत असतं, काहींना वयात येताना उमगतं. त्याला कोण आवडतं, ही तिसरी. तिची चाहूल साधारण दहा-बाराव्या वर्षी लागते, तिला नाव द्यायला मात्र कित्येकांना वर्षानुवर्षं लागतात. मी रांगोळी काढायचो, मी स्वतःला मुलगाच समजायचो, आणि सहावीपासून मला भोंडल्याच्या फेरातलीच एक मुलगी आवडायची. बाराव्या वर्षीही भोंडल्याला का जायचो त्याचं निम्मं कारण तेच! अण्णांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आठवी-नववी हे या बाबतीत सगळ्यात वाईट वय. पोरं एकमेकांवर घारीसारखी नजर ठेवतात, कारण प्रत्येकाला आपलंच काहीतरी उघडं पडेल याची धास्ती असते. मुलगी झाडावर चढली की तिला झाशीची राणी म्हणतात (पाळी सुरू होईपर्यंतच, पुढे तिचंही झाड जातं). मुलगा पोळ्या लाटायला बसला की त्याला कुठल्या राजाचं नाव मिळतं, सांगा. शाळेत तुमच्या मुलाला रोज कुणीतरी काहीतरी म्हणत असणार. घरी तुम्हीही म्हणणार असाल, तर त्याने जायचं कुठे?

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, एका दुकानाचे हिशेब बघतो. माझी गोष्ट वाचून 'म्हणजे आमचाही शेवटी नॉर्मलच निघेल' असा निष्कर्ष काढू नका. लहानपणी बायकी म्हणून हिणवलेल्या मुलांमध्ये पुढे समलिंगी निघणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, हेही खरं आहे. कदाचित तो तसा असेल, कदाचित माझ्यासारखा, कदाचित ती मुलगी असेल आणि तुम्ही तिला मुलगा म्हणत असाल. तेराव्या वर्षी बाहेरून ते कुणालाही सांगता येत नाही आणि तुम्ही कबड्डीला घातलं म्हणून त्यातलं काहीच बदलत नाही. तो जेवत नसेल, शाळा टाळत असेल, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलत असेल, तर मात्र वाट न पाहता चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. न्यायचं ते त्याचं दुःख कमी करायला, त्याची चाल सुधारायला नव्हे. पहिल्याच भेटीत तज्ज्ञ मुलाला बाहेर बसवून फक्त तुमच्याशीच बोलला, तर दुसरा शोधा. आणि स्वतःसाठी काही वाचायचं असेल तर पुण्यातल्या बिंदुमाधव खिऱ्यांचं वाचा. त्यांनी २००२ साली समलिंगी लोकांसाठी काम करणारी समपथिक ट्रस्ट सुरू केली आणि या विषयावर पालकांना समजेल अशा मराठीत लिहिलंय. मी ते चाळिशीत वाचलं, अण्णांच्या टेबलावरही ठेवलं होतं. त्यांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं, पण पुस्तक हलवलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

कबड्डीचं त्यालाच विचारा. हो म्हणाला तर खुशाल घाला, खेळ चांगला आहे. नको म्हणाला तर तो विषय तिथेच सोडा. आणि नेलपॉलिशवरून शाळेत वर्गासमोर उभं करतात, तेव्हा घरात रिमूव्हरची बाटली आणून ठेवा. रविवारी रात्री पुसायचं, शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा लावायचं. आमच्या घरी मुलगी तेच करते.