केस सगळ्यात शेवटी

प्राण्यांची आणि घरच्या पाळीव सोबत्यांची चित्रं काढणाऱ्यांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं. लांब पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : आमच्या पिवळट लॅब्राडॉरचं पेन्सिलचित्र काढताना मी एकेक केस काढते. दोन-दोन रविवार जातात आणि शेवटी तो कापूस भरलेल्या खेळण्यासारखा दिसतो. कुठे चुकतंय? (इंदिरानगर)

उत्तर : चूक केसांच्या आधीच होऊन गेलेली असते. सगळीकडे सारख्या लांबीचे, सारख्या दाबाचे केस पडले की खालची कवटी नाहीशी होते आणि उरतो तो गोंडा. म्हणून केस सगळ्यात शेवटी.

ए-फोर कार्ट्रिज कागदावर, १५० जीएसएम (कागदाचं वजन, दर चौरस मीटरला ग्रॅम) किंवा जास्त, डोकं साधारण १५ सेंटिमीटर उंच बसवा. पहिल्यांदा फक्त तीन बिंदू : दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे आणि नाकाचा मध्य. हा त्रिकोण फोटोवर कागदाच्या पट्टीने मोजून घ्या. यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी कागदावर दुसराच कुत्रा येतो, आणि मालकाला ते लगेच कळतं. त्यानंतर एचबी पेन्सिलने अगदी फिकट बाण काढून केसांची दिशा नोंदवा. नाकावरून वर, दोन डोळ्यांमधून कपाळाकडे, तिथून फाकून कानांकडे. गालावर मागे आणि खाली. छातीवर बहुतेक कुत्र्यांना भोवरे असतात, तेही टिपा.

आता डोळे किलकिले करून फोटोकडे बघा आणि फक्त तीन छटा पकडा : उजेड, मधली, गडद. मधली छटा टूबी पेन्सिल आडवी धरून सपाट भरा, गडद छटा आणखी मऊ, काळ्या फोरबीने. एकही केस न काढता चित्र दोन मीटरवरून कुत्रा म्हणून ओळखू आलं पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका. पेन्सिल चालवत राहण्याचा मोह इथेच होतो आणि दोन रविवार इथेच वाया जातात.

केस काढायचे ते जिथे छटा बदलते तिथेच : कानाखाली, मानेच्या घडीत, गालाच्या कडेला. कपाळावर उजेड पडलेला असेल तर तो कागद कोराच ठेवा. मुस्कटावरचे (नाक आणि जबड्याचा पुढे आलेला भाग) केस एक-दोन मिलिमीटरच्या वर नकोत, मानेवर सेंटिमीटरभर चालतील. रेघ मुळापासून टोकाकडे ओढायची आणि टोकाशी हात हलका करत उचलायचा. सुट्या केसांपेक्षा झुबक्यांमधली निमुळती सावली काढलीत तर केस आपोआप दिसतात. बोटाने घासू नका. बोटाचं तेल कागदात उतरतं आणि तिथे नंतर डाग पडतो. टिश्यू किंवा कान साफ करायची कापूसकाडी वापरा.

मिशा मात्र छटांच्याही आधी. रिफिल संपलेल्या बॉलपेनने त्या कागदात दाबून कोरा आणि मग वरून छटा द्या. कोरलेली खाच पांढरीच राहते. छटा आधी दिलीत तर खाचेत शिसं आधीच बसलेलं असतं, मग कितीही दाबा.

डोळ्याबद्दल एकच : कुत्र्याच्या डोळ्याचा पांढरा भाग समोरून जवळजवळ दिसत नाही. चहूबाजूंनी पांढरी कड ठेवलीत तर तो भेदरलेला वाटतो. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडू द्या, चमक त्या सावलीच्या कडेला एका बाजूला ठेवा.

प्रश्न : काळं मांजर रंगवलं की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. (सिडको)

उत्तर : ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर यांच्या दाट मिश्रणातून काळा तयार करा. आकाशाकडे वळलेल्या भागात, म्हणजे पाठीवर आणि डोक्यावर, निळा जास्त. उन्हातल्या कडेला आणि पोटाशी अंबर जास्त. चकाकीच्या जागा आधी पेन्सिलने आखा आणि तिथे पहिला हात पातळ निळसर पाण्याचाच द्या. सगळ्यांत गडद रंग एकूण अंगाच्या जेमतेम चौथाईत आला तरी मांजर काळंच दिसतं.

पेन्सिलमध्ये काम असेल तर सिक्सबी कितीही दाबली तरी चकाकते आणि राखाडी वाटते. खोल काळ्यासाठी चारकोल पेन्सिल घ्या, पण ती आधी. शिशाच्या गुळगुळीत थरावर चारकोल धरत नाही.

आणि फोटो कधीचा आहे ते बघून घ्या. उन्हात मांजराची बाहुली उभी चीर होते, रात्री घरातल्या दिव्यात गोल. डोळे एका फोटोतून आणि अंगावरचा उजेड दुसऱ्यातून घेतला तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

प्रश्न : मी घोटीजवळचा. डांगी बैल काढतो, पण मागचे पाय नेहमी मोडल्यासारखे येतात. पोळ्याला मोठं चित्र करायचं आहे.

उत्तर : बैलाच्या मागच्या पायाला मागे वळलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नसून टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कातडीजवळ असतो आणि पुढे वळतो. तसंच पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणजे आपलं मनगट. हे एकदा डोक्यात बसलं की पाय मोडत नाहीत. आधी तीन हाडं पक्की करा : खुब्याचं वर आलेलं टोक, टाच, खूर. उभ्या बैलात टाचेपासून खुरापर्यंतची रेघ जवळजवळ सरळ खाली उतरते.

कान शिंगाच्या खाली आणि किंचित मागे फुटतो. शिंगाच्या वर कान काढलेली चित्रं पोळ्याच्या शुभेच्छापत्रांवर दरवर्षी बघायला मिळतात. बाहुली आडवी लांबट असते, गोल काढू नका. बैल बसताना आधी पुढचे पाय दुमडतो, उठताना मागचा भाग आधी उचलतो. घोडा उठताना उलटं करतो.

डांगीची गंमत त्याच्या ठिपक्यांत आणि कातडीत आहे. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तपकिरी डाग असतात आणि कातडी तेलकट असल्यामुळे इगतपुरीकडच्या पावसात हे जनावर तग धरतं. म्हणजे काळ्या डागांवर तुम्हाला चमक दाखवावी लागेल, नाहीतर ते वरून चिकटवलेले वाटतील. डाग अंगाच्या गोलाईबरोबर वळला पाहिजे : बरगडीवर रुंद, पोटाखाली जाताना चिंचोळा. आधी सगळ्या बैलाचा सावली-उजेड डाग नाहीत असं समजून एकाच फिकट करड्याने करा. तो सुकला की वर डाग द्या. वशिंड, पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी) आणि मानेची घडी पहिल्याच हातात येऊ द्या. झूल आणि बाशिंग सगळ्यांत शेवटी. सजावटीखाली चुकलेला बैल झाकला जात नाही.

प्रश्न : प्राणी हलतात. बसून काढायचं तर नाशिकमध्ये कुठे जावं? (गंगापूर रोड)

उत्तर : पंचवटीत, गोदाघाटावर सकाळी रवंथ करत बसलेल्या गाई हा सगळ्यांत सोपा शाळेचा वर्ग. एका जागी बराच वेळ बसतात, मान तेवढी फिरते. बाजाराच्या दिवशी शेळ्याही दिसतात. एका पानावर पाच-सहा अर्धवट आकृत्या सुरू करा. जनावर हललं की पुढची घ्या, पुन्हा पहिल्यासारखं बसलं की पहिलीकडे परत या. जनावरांच्या बसण्याच्या तऱ्हा मोजक्याच, त्यामुळे ते परत येतंच. प्रत्येकी ३० सेकंद ते दोन मिनिटं, खोडरबर घरी. पांजरापोळात बसायचं असेल तर आधी विचारून जा.

पक्षी काढायचे तर निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर. २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ते जाहीर झालं. हिवाळ्यात पहाटे जा. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची), निरीक्षण मनोरा, आणि आकार टिपायला एकच फोरबी. दुर्बिणीतून बघताना काढता येत नाही, म्हणून दहा सेकंद बघा, दुर्बीण खाली ठेवा, आठवेल तेवढंच काढा. तपशील भरायचा मोह या पद्धतीत आपोआप सुटतो.

प्रश्न : गेलेल्या कुत्र्याचं चित्र काढून द्या म्हणून ओळखीतून कामं येऊ लागली आहेत. पैसे, फोटो, हक्क यांचं काय करावं? (नाशिकरोड)

उत्तर : फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साध्या पाठवण्यात फोटो दाबला जातो आणि डोळ्यातली चमक चौकोनांत फुटते. किमान पाच-सहा फोटो, त्यांतला एक उन्हातला, खऱ्या रंगासाठी. अगदी जवळून काढलेल्या मोबाईल फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात; जनावर हयात असेल तर सहा-सात फुटांवरून दोन पट झूम करून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढायला सांगा. फ्लॅश नको. डोळ्याच्या आतल्या परावर्तक थरामुळे बाहुली हिरवी-पिवळी उजळते आणि खरा रंग समजतच नाही.

दर तासांवर धरा. समजा १२ तास लागतात, तर १२ गुणिले तुमचा ताशी दर, अधिक कागद-रंग, अधिक फ्रेम वेगळी. निम्मी रक्कम आधी. पेन्सिल आराखडा दाखवून बदल तिथेच घ्या, रंग लागल्यावर नाही. दुःखात असलेल्या माणसाशी पैशाचं बोलणं अवघड जातं, म्हणून हे सगळं पहिल्याच मेसेजमध्ये लिहून टाका. नंतर तोंडाने सांगावं लागत नाही.

हक्काचं बहुतेकांना ठाऊक नसतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट मालक तो ग्राहकच असतो, वेगळा करार नसेल तर. तुम्हाला त्याचं कॅलेंडर किंवा प्रिंट विकायच्या असतील तर तसं आधी लेखी ठरवा. आणि फोटो इंटरनेटवरून उचललेला असेल तर फोटोकाराची परवानगी लागते.

आणि रंगात काम देत असाल तर जिभेसाठी ऑपेरा गुलाबी वापरू नका, तो उजेडात उडतो. दोन वर्षांनी कुत्र्याची जीभ पांढरी झाली म्हणून फोन येतो. क्विनाक्रिडोन या रंगद्रव्याचा (ट्यूबवर पीव्ही १९ लिहिलेला) गुलाबी टिकतो.

प्रश्न : पावसाळ्यात जलरंगाचा कागद ठिपक्या-ठिपक्यांनी रंग पितो. (मखमलाबाद)

उत्तर : कागदावरचं साइझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) दमटपणाने खराब झालं आहे. तो कागद आता सरावाला. नवा कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीला न टेकवता कपाटात वर ठेवा. केसांच्या बारीक कामाला ३०० जीएसएमचा हॉट प्रेस्ड (गुळगुळीत), मोकळ्या कामाला कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत). एप्रिल-मेमध्ये उलट अडचण : वॉश (रंगाचा पातळ, पसरट हात) अर्ध्यातच सुकून कड पडते. कागदाच्या मागच्या बाजूला आधी पाणी फिरवा आणि सकाळी दहाच्या आत काम उरका.

प्रश्न : बारीक केसांसाठी मुंगसाच्या केसांचा ब्रश उत्तम असं एका दुकानदाराने सांगितलं. (नाशिक)

उत्तर : घेऊ नका. मुंगूस १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशचा व्यापार बेकायदा आहे. टोक गडद आणि मध्ये फिकट पट्टा असलेले कडक केस दिसले तर शंका घ्या. चांगला सिंथेटिक शून्य किंवा दोन नंबरचा गोल ब्रश केसांना पुरतो. केसांच्या झुबक्यांसाठी जुना चपटा ब्रश घ्या, केस बोटांनी फाकवा आणि जवळजवळ कोरडा वापरा.

प्रश्न : आमचं मांजर ब्रश धुतलेलं पाणी पितं. (पंचवटी)

उत्तर : झाकणाची बरणी घ्या. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग असतील तर आजच घ्या. टर्पेंटाइन मांजर असलेल्या खोलीत उघडंही ठेवू नका. पंजाला लागलं तर ते चाटून पोटात जातं. तसं झालंच तर उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ पशुवैद्यांकडे, आणि रंगाची ट्यूब किंवा बाटली बरोबर न्या.